मानेत गाठ नाही, तरी मान का उघडायची? कान-नाक-घसा शस्त्रक्रियेतील संशोधनाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईच्या जिभेच्या कडेला छोटी जखम होती, बायॉप्सीत कर्करोग निघाला. मानेला हाताला गाठ लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ आहे. तरी सर्जन जिभेबरोबर मानेचंही ऑपरेशन करू म्हणतात. गाठच नाही तर काढायचं काय? (सोलापूर)

उत्तर : हा प्रश्न शल्यचिकित्सकांमध्येही कित्येक वर्षं वादाचा होता, आणि त्याचं सर्वांत भक्कम उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आलं. जिभेच्या किंवा गालाच्या लहान कर्करोगातही साधारण वीस ते तीस टक्के रुग्णांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींत रोगाच्या पेशी पोहोचलेल्या असतात. त्या इतक्या थोड्या असतात की बोटांना किंवा सोनोग्राफीला कळत नाहीत. मग मान आधीच साफ करायची, की नजर ठेवून गाठ आली तरच करायची?

डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात 596 रुग्ण घेतले. सगळ्यांचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यातला आणि तोंडाच्या एकाच बाजूला होता. कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं. पहिल्या 500 रुग्णांचे आकडे पाहिल्यावर देखरेख समितीने नवी भरती थांबवायला सांगितली, इतका फरक स्पष्ट होता. मान आधीच केलेल्या गटात तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात 67.5 टक्के. रोग न उलटता जगणारे अनुक्रमे 69.5 आणि 45.9 टक्के. वाट पाहिलेल्यांत गाठ उमटली तेव्हा ती बरेचदा पुढच्या टप्प्यातली असे. निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

या ऑपरेशनची किंमतही आहे. खांद्याच्या स्नायूला जाणारी नस ताणली गेली तर हात वर उचलायला त्रास होतो, खालच्या ओठाची नस दुखावली तर ओठ एका बाजूला झुकतो. म्हणून सर्जनना दोन गोष्टी विचारा : मानेच्या कोणत्या थरांतल्या ग्रंथी काढणार, आणि खांद्याचे व्यायाम कधी सुरू करायचे. बायॉप्सीच्या अहवालात जखमेची खोली मिलिमीटरमध्ये दिली असेल तर त्यावरही बोला. जखम अगदी उथळ असेल तर ग्रंथींत रोग असण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि तिथे निर्णय वेगळा होऊ शकतो.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. सारखा घसा धरतो, टॉन्सिल काढून टाकावेत असं घरात सगळ्यांना वाटतं. डॉक्टर मात्र ‘वही ठेवा, मग बघू’ म्हणतात. ही टाळाटाळ तर नाही? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात डॉ. जॅक पॅराडाइज यांनी 1978 मध्ये एक साधी गोष्ट तपासली. घरच्यांच्या सांगण्यावरून ‘वारंवार घसादुखी’ असलेली 65 मुलं घेऊन पुढे प्रत्येक आजारपणाची नीट नोंद ठेवली. सांगितलेल्या प्रमाणात दुखणं फक्त 11 मुलांत दिसलं. आईबाप खोटं बोलत नव्हते. साधी सर्दी, खोकला आणि खरा टॉन्सिलचा संसर्ग आठवणीत एकत्र होतात, इतकंच.

1984 मध्ये त्याच गटाने खरोखर जास्त त्रास असलेल्या मुलांवर अभ्यास केला आणि ऑपरेशनचा फायदा दाखवला. ‘जास्त त्रास’ म्हणजे वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. घसा दुखण्याबरोबर यांपैकी निदान एक खूण असेल तरच ती वेळ मोजायची : 38.3 अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, मानेत दुखऱ्या किंवा दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, टॉन्सिलवर पू, किंवा घशाच्या तपासणीत स्ट्रेप्टोकोकस जंतू. वहीत तारीख, थर्मामीटरचा आकडा, डॉक्टरांनी घशात काय पाहिलं, औषध कोणतं आणि शाळा किती दिवस बुडाली, एवढं लिहा. नाक वाहत असेल तर तेही लिहा, कारण ते बहुधा विषाणूचं लक्षण असतं. नंतरच्या अभ्यासात थोडा त्रास असलेल्या मुलांत ऑपरेशनचा फायदा इतका लहान निघाला की ते करू नये असंच त्या गटाने सुचवलं.

मुलगी रात्री घोरते, झोपेत श्वास अडकतो असं असेल तर मात्र वहीची वाट पाहू नका. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणीही वेगळी.

प्रश्न : मी कान-नाक-घसा विभागात पीजी करते. कानाच्या पडद्याच्या भोकासाठी टेम्पोरालिस फेशिया (कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण) आणि ट्रेगसची कूर्चा (कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्यातलं मऊ हाड) यांची तुलना हा प्रबंधाचा विषय घेतला आहे. प्रत्येक गटात 30 रुग्ण पुरतील का? (नागपूर)

उत्तर : पडदा जुळला की नाही, एवढंच मोजणार असाल तर नाही. समजा फेशियाने 85 टक्के आणि कूर्चाने 92 टक्के पडदे जुळतात. हा फरक 80 टक्के शक्तीने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के त्रुटीमर्यादेत (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात सुमारे 322 रुग्ण लागतात. दहा टक्के गळती (अभ्यास मध्येच सोडणारे रुग्ण) धरली तर 358. तीसच्या गटात एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की निकाल तीन टक्क्यांहून जास्त हलतो. अशा प्रबंधातलं ‘दोन्हींत फरक नाही’ हे वाक्य कशाचाच पुरावा नसतं.

त्याऐवजी ऐकण्यातला फरक मुख्य निकष ठेवा. एअर-बोन गॅपचं (हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातल्या फरकाचं) प्रमाण विचलन, म्हणजे रुग्णारुग्णांतला चढउतार, 10 डेसिबल आणि शोधायचा फरक 5 डेसिबल धरला, तर प्रत्येक गटात 63 पुरतात, गळतीसह 70. दीड वर्षात मोठ्या ओपीडीत हे जमण्यासारखं आहे. गॅप 500, 1000, 2000 आणि 3000 हर्ट्झच्या सरासरीवर काढा, मास्किंग (दुसऱ्या कानात आवाज सोडून तो झाकणं) न चुकता करा, आणि शेवटचं मोजमाप जमल्यास वर्षाने घ्या. दोन-तीन महिन्यांवर घेतलेला ‘यश’चा आकडा फसवा असतो, कारण काही पडदे नंतर पुन्हा फाटतात.

गाडी बहुतेक वेळा गटवाटपात अडते. सम-विषम ओपीडी नंबर किंवा एक दिवसाआड वाटप केलं की पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मोठं भोक, ओला कान, दुसऱ्यांदा ऑपरेशन असे अवघड रुग्ण नकळत कूर्चाकडे ढकलले जातात. यादी संगणकावर काढा, अनुक्रमांक घातलेले अपारदर्शक लिफाफे दुसऱ्याच कोणाकडे ठेवा आणि भूल दिल्यावरच उघडा. लहान आणि मोठ्या भोकांच्या याद्या वेगळ्या करा. ओटोस्कोपमधून कूर्चा पांढरट, जाड दिसते, त्यामुळे पडदा पाहणाऱ्यापासून गट लपत नाही. ऑडिओग्राम करणाऱ्यापासून मात्र लपवता येतो, तेवढं नक्की करा. आणि एकाच रुग्णाचे दोन्ही कान दोन स्वतंत्र रुग्ण म्हणून मोजू नका.

पहिला रुग्ण घेण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी, दोन्ही हवं. 1 एप्रिल 2018 पासून तिथे भरती सुरू झाल्यानंतरची नोंदणी स्वीकारली जात नाही.

प्रश्न : शस्त्रक्रियेत ‘खोटं औषध’ देता येतं का? (पणजी)

उत्तर : क्वचित, आणि फार जपून. डेन्मार्कमध्ये 1981 मध्ये मेनिएर आजाराच्या (आतल्या कानामुळे चक्कर येण्याच्या) 30 रुग्णांवर हे झालं. अर्ध्यांची आतल्या कानाच्या पिशवीवरची शंट (द्रव बाहेर जायला वाट करून देणारी) शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांचं फक्त कानामागचं हाड कोरलं. चक्कर दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. ऑपरेशन झालं या भावनेचा परिणाम आणि आजाराचा स्वतःचा चढउतार किती मोठा असतो, हे त्यातून कळलं. त्या अभ्यासाच्या विश्लेषणावर पुढे वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत.

प्रश्न : माझ्या मुलाला ऑपरेशनच्या अभ्यासात सहभागी करायचं विचारलं आहे. सही करण्याआधी काय पाहावं? (कोल्हापूर)

उत्तर : सीटीआरआय क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः पाहा. गट कसा ठरणार, नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळं काय होणार, जादा तपासण्या कोणत्या, हे मराठीत समजावून घ्या. फक्त अभ्यासासाठी केलेल्या तपासण्यांचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार हे संमतिपत्रात लिहिलेलं असायला हवं. मुलगा सात वर्षांहून मोठा असेल तर त्यालाही सांगून त्याची तयारी विचारली पाहिजे. मध्येच बाहेर पडता येतं, त्याने उपचारात कमीजास्त होता कामा नये. कागद घरी नेऊन वाचायला वेळ मागा, आणि सही केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा.