नॉरफोककडे येताय, तर आधी आवाजाचा नकाशा बघा

ताई, नवऱ्याला व्हर्जिनिया बीचला एच-१बीवर नोकरी मिळाली आहे, मुलगा पुण्यात नववी संपवून येणार आहे आणि त्याला अमेरिकन लढाऊ विमानांचं, युद्धनौकांचं वेड आहे, असं तुम्ही लिहिलंत. घर कुठे घ्यावं, तिथे नक्की काय काय दिसतं आणि पुढे त्याला या क्षेत्रात शिरता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न. व्हिसा, विमा, बँक या गोष्टी सरकारी पानांवर नीट दिलेल्या आहेत, त्या इथे नकोत. तुमचा तिसरा प्रश्न मात्र मनातून जात नाही, म्हणून उत्तर लांबलंय.

आधी घर. नौदलाचा पूर्व किनाऱ्यावरचा मुख्य जेट तळ, ओशियाना, व्हर्जिनिया बीचच्या भर वस्तीत आहे. तिथली विमानं म्हणजे एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट. जवळच चेसापीकमध्ये फेंट्रेस नावाची सरावाची धावपट्टी आहे, आणि खरा त्रास तिचा. विमानवाहू नौकेवर उतरताना वैमानिक चाकं टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर देतो. शेपटीकडचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला तर विमान थांबतं. चुकला तर उरलेल्या डेकवरून लगेच पुन्हा उडावं लागतं, आणि अडकला की नाही याची वाट बघायला वेळ नसतो. फेंट्रेसला हाच सराव जमिनीवर होतो. टेकायचं, उडायचं, वळून परत यायचं, एकामागे एक. काळोखात नौकेवर उतरणं सगळ्यात अवघड, म्हणून सराव रात्री हवा. जून-जुलैमध्ये तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात हा कार्यक्रम ऐन झोपेच्या वेळी येतो. तुकड्या समुद्रावर जायच्या आधीच्या आठवड्यांत तो वाढतो.

शहराच्या नकाशावर आवाजाचे पट्टे दाखवलेले असतात: ६५ डेसिबलच्या आत, ६५ ते ७०, ७० ते ७५ आणि त्यावर. हे आकडे दिवसरात्रीची सरासरी आहेत, एका विमानाचा आवाज नव्हे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रात्री १० ते सकाळी ७ या वेळातल्या प्रत्येक उड्डाणाला हिशेबात १० डेसिबल जादा धरतात. प्रत्यक्ष डोक्यावरून जाणारं विमान या आकड्यापेक्षा कितीतरी मोठ्याने जातं. त्याच नकाशावर अपघाताची शक्यता असलेले पट्टे वेगळे दाखवलेले असतात, आणि ते कागदी नाहीत. ६ एप्रिल २०१२ रोजी ओशियानाहून उडालेलं एक एफ/ए-१८ डी दोन्ही इंजिनं बंद पडून व्हर्जिनिया बीचमधल्या एका गृहसंकुलावर कोसळलं. वैमानिक वाचले, संकुलातही कुणाचा जीव गेला नाही, पण घरं जळाली.

भाड्याच्या घराबाबत व्हर्जिनियात कायदा आहे. घर अशा पट्ट्यात असेल तर मालकाने करारापूर्वी ते लेखी कळवायचं असतं. कळवलं नसेल तर पहिल्या ३० दिवसांत लेखी नोटीस देऊन भाडेकरू करार मोडू शकतो. तो कागद मागून घ्या. आणि घर रविवारी दुपारी बघू नका, आठवड्याच्या मधल्या वारी रात्री ९ नंतर बघा.

आता मुलाचा खुराक. ओशियानाच्या वर दोन तिरक्या शेपट्या आणि हवा घेणारी चौकोनी तोंडं दिसली की सुपर हॉर्नेट. ई प्रकारात एक आसन, एफमध्ये दोन. काम दोन्हींचं तेच: हवेत लढणं, जमिनीवर आणि जहाजांवर मारा करणं, आणि पंखाखाली टाक्या व पोटाखाली नळी लावून दुसऱ्या हॉर्नेटला हवेतच इंधन देणं. याच सांगाड्यावर बांधलेलं ग्राउलर शत्रूचे रडार आंधळे करतं, पण त्याचा मुख्य तळ पश्चिमेला, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर आहे. पाठीवर मोठी थाळी आणि दोन पंख्यांचं विमान म्हणजे ई-२डी हॉकआय. त्याचा तळ शेजारच्या नॉरफोकला. ताफ्याचे हवेतले डोळे तेच, कारण जहाजाचं रडार क्षितिजापलीकडे खाली उडणारं काही पाहू शकत नाही. पंखे वर वळवून हेलिकॉप्टरसारखं उतरतं ते सीएमव्ही-२२बी. नौकेवर माणसं, टपाल आणि सुटे भाग नेणाऱ्या जुन्या ग्रेहाउंडची जागा घ्यायला ते आलं, आणि एफ-३५ च्या इंजिनाचा मुख्य भाग त्यात मावतो. खाडीपलीकडे हॅम्प्टनला हवाई दलाचा लँग्ली तळ आहे, तिथे एफ-२२. हवेत वर्चस्व मिळवणं हेच त्याचं मुख्य काम.

जहाजांकडे वळताना एक चूक सगळेच करतात. सपाट डेक दिसला की विमानवाहू नौका म्हणतात. जहाजाच्या बाजूवर रंगवलेला आकडा वाचायला शिकवा. नुसत्या आकड्यावरून प्रकार कळायला यादी हवी, पण आकारावरूनही तो ओळखता येतो. निमिट्झ आणि फोर्ड वर्गाच्या नौका सुमारे ३३३ मीटर लांब, १ लाख टनांच्या आसपास, दोन अणुभट्ट्यांवर चालणाऱ्या. वास्प वर्गाच्या नौका २५७ मीटर आणि साधारण ४० हजार टन. त्यांच्यावर विमान फेकणारं कॅटापल्ट नसतं, त्यामुळे त्यांच्यावरून हेलिकॉप्टर आणि एफ-३५बीसारखी उभी उतरणारी विमानं चालतात. काम मरीन सैनिकांना किनाऱ्यावर उतरवण्याचं. फोर्ड वर्गाची पहिली नौका, फोर्ड, २०१७ साली सेवेत आली. तिच्यावर वाफेऐवजी विद्युतचुंबकी कॅटापल्ट आहेत आणि निमिट्झच्या सुरुवातीच्या नौकांवर उतरण्याच्या चार तारा होत्या तिथे तीन. या अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौका देशभरात एकाच ठिकाणी बांधल्या जातात, समोरच्या न्यूपोर्ट न्यूजला. आयुष्यात एकदा, साधारण मध्यावर, इंधन बदलायलाही त्यांना तिथेच यावं लागतं, आणि ते काम वर्षांनुवर्षं चालतं.

धक्क्यावर सर्वाधिक दिसतील त्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिका. पहिली १९९१ ची, आजवर ७० हून अधिक झाल्या. डेकमध्ये सपाट झाकणांची जाळी दिसेल. नव्या नौकांत अशा ९६ उभ्या नळ्या असतात. कुठल्या नळीत काय भरलं यावर त्या सफरीचं काम ठरतं: विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडायला एसएम जातीची, जमिनीवर माऱ्यासाठी टॉमहॉक क्षेपणास्त्रं, पाणबुडीसाठी रॉकेटवर बसवलेला टॉर्पेडो. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. धुराड्यावर निळे-पिवळे पट्टे असतील तर ते नागरी खलाशी चालवत असलेलं रसदीचं जहाज. त्याच्या नावामागे वेगळी अक्षरं असतात आणि त्याच्याविना बाकीचा ताफा काही दिवसांत थांबेल. आपल्या विशाखापट्टणमची जलाश्व इथलीच. १९७१ ची ट्रेंटन, जानेवारी २००७ मध्ये नॉरफोकलाच भारताच्या ताब्यात दिली गेली.

वादळाचं एक लक्षात ठेवा. मोठं चक्रीवादळ येत असेल तर जहाजं बंदरात लपत नाहीत, समुद्रावर निघून जातात, कारण दोरांनी बांधलेलं जहाज लाटांनी धक्क्यावर आपटून फुटतं. विमानं आतल्या राज्यांत जातात. धक्के रिकामे व्हायला लागले की तुम्ही पाणी, औषधं आणि पेट्रोल त्याच दिवशी भरा.

फोटोंबद्दल कडक राहा. लष्करी आस्थापनांचे परवानगीशिवाय फोटो काढण्यावर केंद्रीय कायदा आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीजवळ एका परदेशी विद्यार्थ्याचा ड्रोन झाडात अडकला. त्यात नौदलाच्या जहाजांची चित्रं निघाली आणि त्याला सहा महिन्यांची कैद झाली. मुलाचा ड्रोन पुण्यातच ठेवा. नॉरफोकच्या धक्क्याला लागून विस्कॉन्सिन ही युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे, तिथे हवे तेवढे फोटो काढू द्या.

शाळेचं अजून सलतं, म्हणून स्पष्ट लिहितो. त्या भागातल्या वर्गांत नौदलाची मुलं भरपूर असतात आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलीवर जातात. त्यांच्यासाठी सगळ्या राज्यांचा आपसात करार आहे, त्यामुळे जुन्या शाळेचे गुण आणि विषय फारशी खळखळ न करता मानले जातात. आपल्या मुलांना तो करार लागू नाही. आपलं नववीचं गणित भाग १ आणि भाग २ असं येतं. तिथे बीजगणित एक, भूमिती, बीजगणित दोन असे स्वतंत्र विषय असतात. कागदावर नावं जुळत नाहीत, म्हणून समुपदेशक मुलाला सरळ मागच्या वर्गाच्या गणितात बसवतो, आणि तिथून उच्च गणितापर्यंत पोचायला एक वर्ष कमी पडतं. आठवी-नववीचा अभ्यासक्रम प्रकरणांसह इंग्रजीत, शाळेच्या शिक्क्यानिशी, आठवड्याचे तास लिहून आणा. आणि प्रवेशाच्या दिवशीच गणिताची चाचणी घ्या म्हणून लेखी मागा. तोंडी मागितलेलं विसरलं जातं.

एकटेपणाबद्दलही सांगतो. तो असतो. गणपतीला मंडळ असतं, शनिवारी लोक भेटतात, दिवस निघतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. संरक्षण तंत्रज्ञानाच्या निर्यातीचे नियम देशाच्या आतही लागतात. परदेशी माणसाला आराखडा दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरतात. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेले यांनाच मोकळीक आहे, एच-१बी आणि एच-४ (तुमचा आणि मुलाचा, कुटुंबीयांचा व्हिसा) यांना नाही. तुमच्या नवऱ्याच्या आय-१२९ अर्जाचा (एच-१बीसाठी कंपनीने भरलेल्या) सहावा भाग उघडून बघा, कंपनीने तिथे याच मुद्द्यावर सही केलेली असते. गुप्ततेची परवानगी लागणाऱ्या कामाला नागरिकत्व लागतं, आणि अणुनौकांची बरीच कामं त्यात येतात. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत नेहमीच्या वाटेने शिरायला आणि अधिकारी व्हायला नागरिकत्वाची अट आहे. ग्रीन कार्डवर खलाशी म्हणून भरती होता येतं, पण अणुभट्टीसारखे विभाग बंदच.

ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. मुलगा २१ चा झाला की एच-४ संपतो. ग्रीन कार्डासाठी वय मोजताना आय-१४०, म्हणजे कंपनीने त्यासाठी भरलेला अर्ज, जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा करता येतात, म्हणून कंपनीला तो अर्ज पहिल्याच वर्षी भरायला लावा आणि रांगेतली मिळालेली तारीख लिहून ठेवा.

हे सगळं मुलाला विमानात बसण्याआधी सांगा. जहाजबांधणीचं खरं शिक्षण घ्यायचं असेल तर चेन्नईचं, खरगपूरचं आयआयटी आहे, आणि आपलं नौदल आहे, हेही त्याच बैठकीत सांगा. आमच्या घरात हे बोलणं बारावीत, अकादमीचा अर्ज समोर उघडलेला असताना झालं.