पागोळ्या कुठे पडतात ते आधी बघ

काय गं, मेल मिळाला, तुम्ही दहा दिवसांत लाकडाचं जे बसायचं मचाण बांधणार आहात त्याची रेंडर्सही तिन्ही बघितली. छान आहेत, खोटं कशाला बोलू. पण एक खटकलं, तिन्ही चित्रांत ऊन आहे. साइट रत्नागिरी जिल्ह्यातली, जिथे एका पावसाळ्यात 3000 मिलीमीटरच्या वर पाणी पडतं, आणि तुझ्या छपराला पावळी, म्हणजे बाहेर आलेली कड, वीतभर पण नाही.

तुझ्या वयात आम्ही आठ जणांनी असंच एक बसायचं मचाण बांधलं होतं, ओढ्याकाठी, दहा दिवसांत, शेवटच्या दिवशी फोटोबिटो, सगळे खुश. लाकूड आइनाचं, ताजं कापलेलं, सालीखालचा पांढरा भाग तसाच ठेवलेला कारण दिसायला मस्त. खांबांचे पाय सिमेंटच्या खड्ड्यात गच्च बसवले, मजबूत वाटतं ना. मे महिन्यात लाकूड आवळलं आणि बोल्ट इतके सैल झाले की हाताने फिरायचे, मग पावसात त्या सिमेंटच्या वाटीत पाणी साचून राहिलं आणि दुसऱ्या वर्षी जाऊन बघतो तर खांबाच्या बुडात बॉलपेन आत जात होतं. गावातल्या सुताराने उकिडवं बसून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाणी जायचं कुठून होतं?" आठ जण आर्किटेक्चरचे, उत्तर एकाकडेही नव्हतं.

तर आधी हे डोक्यात बसव. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं, आणि त्यातही वर्तुळांच्या कडेकडेने जेवढं आकसतं त्याच्या निम्मंच गाभ्याच्या दिशेने, म्हणून तर ओला ओंडका सुकताना तडकतो. सांधा काढताना हे धरलं नाहीस तर सांधा नंतर स्वतःच सरकून दाखवतो. आणि कुजण्याचं म्हणशील तर बुरशीला साधारण 20 टक्क्यांच्या वर ओल लागते. लाकूड भिजलं तरी चालतं गं, भिजून वाळलं पाहिजे. म्हणून खांब जमिनीत पुरू नकोस, जांभ्याच्या नाहीतर काळ्या दगडाच्या उथळ्यावर, म्हणजे बैठकीवर, निदान फूटभर वर घे, जमिनीवर आपटून उडणारं पाणी तिथवर कमी पोचतं. आणि वाशांची कापलेली टोकं उघडी टाकू नकोस, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, स्ट्रॉच्या जुडग्यासारखं असतं ते. वाळवीसाठी वेगळं बघावंच लागेल, उथळं आणि खांब यांच्यामध्ये पत्र्याची बाहेर आलेली कड दे म्हणजे तिचा मातीचा रस्ता लपत नाही, दिसला की मोडता येतो.

तू हूक पार्कचं लिहिलंयस. मलाही आवडतं ते, इंग्लंडमध्ये डॉर्सेटला एए स्कूल या लंडनच्या आर्किटेक्चर कॉलेजचं साधारण 150 हेक्टरचं जंगल, मुलं तिथेच राहतात, तिथल्याच झाडांचं बांधतात. 2016 चं ते वुडचिप बार्न, लाकडाच्या ढलप्या साठवायचं कोठार, तू पाठवलंस पण तुझा सगळा डोळा रोबॉटवर. रोबॉटने काय केलं, तर बीच झाडांच्या 20 बेचक्यांना टोकाशी सांधे कोरून दिले, बस. बेचक्याचा आकार तसाच ठेवला, कारण फांदी फुटते तिथे झाडाने वर्षानुवर्षं वजन पेललेलं असतं आणि तिथले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, तितका चांगला सांधा आपल्याला बनवता येत नाही. झाडं स्कॅन करायचा तो खटाटोप कशासाठी, तर कोणतं बेचकं कुठे बसतं हे शोधायला. आता गंमत बघ, आपल्याकडे मांडवाची मेढ म्हणजे दुसरं काय होतं, दुबेळकं असलेला खांबच ना, बेळक्यात आडवं लाकूड टाकलं की झालं. मुहूर्तमेढ हा शब्द आपण उद्घाटनाच्या भाषणात वापरतो आणि ते लाकूड विसरलो.

लाकूड कुठून आणणार ते मेलमध्ये कुठेच नाही. "शेतमालक देणार आहेत" असं फोनवर म्हणालीस, पण साग, आइन, किंजळ, खैर, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि ती परवानगी काय तुझ्या दहा दिवसांत मिळणार नाही. माझं ऐकशील तर जुन्या घराचं लाकूड शोध. कोकणात घरं मोडतायत, वासे-तुळया विकायला निघतात, पन्नास-साठ वर्षं सुकलेलं आइन असतं, आवळायचं ते कधीच आवळून झालेलं. तोटा असा की लांबी तुला हवी तशी मिळत नाही, आणि आत जुने खिळे असतात, करवतीचं पातं जातं. मग आधी लाकूड मोजून घे आणि ड्रॉइंग त्यावरून काढ. वक्र छप्पर जाईल कदाचित. जाऊ दे.

बांबू चालेल का विचारलंस. चालेल, खासगी जमिनीवरचा बांबू 2017 पासून भारतीय वन कायद्यात झाड धरत नाहीत त्यामुळे ती कटकट नाही, पण बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवल्याशिवाय वापरलास तर भुंगा खाणार, पिठासारखी भुकटी खाली पडलेली दिसेल.

बाकी टीममध्ये पंधरा जण फार होतात, पटाशा किती आहेत तेवढीच माणसं घे.

पुढच्या आठवड्यात साइटवर जाशील तेव्हा शेजारच्या कुठल्याही जुन्या घरापाशी थांब, पागोळ्यांनी अंगणात जी चर पडलीय ती भिंतीपासून किती लांब आहे ते टेपने मोज, आणि तो आकडा मला पाठव. छपराबद्दल त्यानंतर बोलू.