पदक आहे, पण एम.पी.एड.चं काय?

प्रश्न: मुलगा 21 वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. 74 किलोत फ्रीस्टाइल खेळतो. गेल्या वर्षी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत कांस्यपदक मिळालं. नंतर गुडघा दुखावला, डॉक्टरांनी सहा महिने मॅटवर उतरू नको म्हटलंय. आता म्हणतो, कॉलेजात कुस्तीचा कोच होईन. त्याचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. काय करावं?
– एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, नमस्कार.

मुलाला एक गोष्ट आधी सांगा. आपल्या सरकारी कॉलेजांत नुसत्या कुस्तीच्या कोचची जागा जवळजवळ नसतेच. असतो तो क्रीडा अधिकारी. कबड्डीचा संघ निवडण्यापासून चुन्याने मैदान आखून घेण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. फक्त कुस्ती शिकवून पगार घेणारा कोच भेटतो तो भारतीय खेळ प्राधिकरणात, राज्याच्या क्रीडा खात्यात, अकादमीत किंवा खेलो इंडिया केंद्रावर. या दोन वाटांना लागणारी कागदपत्रं वेगळी आहेत आणि पैलवान मुलं नेमकी इथेच फसतात.

कॉलेजच्या जागेसाठी शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी (एम.पी.एड.), 55 टक्के गुण, शिवाय नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. हवी. 54.8 ला कुणी 55 धरत नाही. विद्यापीठाकडून खेळल्याचा पुरावा लागतो, तो मुलाकडे आहे. एम.पी.एड.ला प्रवेश बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीवर मिळतो, म्हणजे बी.कॉम.नंतर दोन अधिक दोन, चार वर्षं. बी.पी.एड.ला साधारणपणे पदवीत 50 टक्के लागतात, आंतरविद्यापीठ खेळलेल्याला 45 चालतात. देवी अहिल्या विद्यापीठात दोन्ही अभ्यासक्रम आहेत. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेचाही फॉर्म भरावा, तिथली मैदानं आणि वाचनालय घर सोडण्याच्या तोलाची आहेत. शिकत राहिला तर गुडघा बरा झाल्यावर विद्यापीठाकडून पुन्हा उतरताही येईल.

मध्य प्रदेशात ही भरती लोकसेवा आयोग करतो. मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. पण जाहिरात दरवर्षी निघत नाही आणि मधली वर्षं अनेकांची अतिथी, म्हणजे तात्पुरता क्रीडा अधिकारी म्हणून मानधनावर जातात. बाबांची काळजी इथे रास्त आहे.

शारीरिक चाचणीही असते: तिशीपर्यंतच्या पुरुषाला 12 मिनिटांत 1800 मीटर, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकचे साडेचार फेरे. आज त्याला हसू येईल. पण कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, आणि दूध-तूप-बदाम तसेच चालू राहिले की 74 चे 95 व्हायला वेळ लागत नाही. मग दुखऱ्या गुडघ्यावर हेच फेरे जड जातात.

दुसऱ्या वाटेला, म्हणजे फक्त कुस्तीचा कोच व्हायला, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा, सुमारे वर्षभराचा. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे, पण चांगल्या जागांना डिप्लोमाच विचारतात.

माझं मत: आधी बी.पी.एड., मग एम.पी.एड. आणि नेट, डिप्लोमा त्यानंतर. उलट केलं तर कॉलेजचं दार बंदच राहतं.

त्याला शिकवता येतं का, हे मात्र आत्ताच तपासा. गुडघ्याच्या विश्रांतीचे महिने त्यासाठी बरे. खलीफांना, म्हणजे आखाड्याच्या वस्तादांना विचारून आखाड्यातली आठ-दहा लहान मुलं आठवड्यातून तीन दिवस मागून घ्यावीत आणि बाहेर उभं राहून फक्त बोलून शिकवावं. चॅम्पियनची अडचण अशी की डाव त्याच्या अंगात असतो, तोंडात नसतो. एकेरी पटाचंच उदाहरण घ्या, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव. "झपकन आत जा" म्हटल्याने मुलगा शिकत नाही. पवित्रा खाली, पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमध्ये, डोकं वर आणि त्याच्या बरगडीला चिकटलेलं, हातांची पकड गुडघ्यामागे: असं तोडून सांगावं लागतं. नवखा मुलगा पाऊल न टाकता हातच लांबवतो, डोकं खाली जातं आणि मान समोरच्याच्या काखेत अडकते. चूक हातांची दिसते, असते पावलाची. हे ज्याला दिसतं तो कोच. मातीत वाढलेली मुलं उभ्याने भिडतात, मॅटवर त्यांचा पवित्रा खाली आणायलाच कित्येक आठवडे जातात.

सोबत एक वही ठेवावी: प्रत्येकाचं रोजचं वजन, हजेरी, दुखापत. 2018 पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घेतात. आदल्या रात्री घाम गाळून तीन किलो उतरवलेला मुलगा पहिल्याच फेरीत पाय ओढतो. पॅरिसला विनेश फोगाट 100 ग्रॅमनी बाद झाली, तेव्हापासून हे पालकांनाही पटवावं लागत नाही. अंगावर गजकर्ण दिसलं तर त्या मुलाला मॅटबाहेर ठेवायचं आणि मॅट रोज जंतुनाशकाने पुसून घ्यायची. नाहीतर पंधरवड्यात अर्धा आखाडा खाजवत बसतो.

बाबांसाठी: बँकेपेक्षा क्रीडा कोट्याकडे बघा. रेल्वेच्या क्रीडा कोट्याला वयाची अट 25 ची आहे, म्हणजे हाताशी जेमतेम चार वर्षं. पोलीस भरतीतही खेळाडूंच्या जागा निघतात. नोकरी लागली तरी कोचिंगचा डिप्लोमा पुढे करता येतो.

आणि या आठवड्यात एक काम उरकाच. सगळी प्रमाणपत्रं काढून नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवा. कुठल्याशा खासगी महासंघाच्या "राष्ट्रीय" स्पर्धेची प्रमाणपत्रं वेगळी काढा, भरतीत ती धरत नाहीत. आंतरविद्यापीठ पदकाच्या प्रमाणपत्रात चूक निघाली तर तो कॉलेजात आहे तोवरच विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून दुरुस्त करून घ्या.