तालमीतल्या उजेडाला कुठली लेन्स?

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि त्याच्या खोक्यातच आलेली १८-५५ लेन्स आहे. शिवाजी पेठेतल्या तालमीत पहाटे फोटो काढतो. जोर-बैठकांचे फोटो बरे येतात, पण लढत लागली की सगळं हलतं. मित्र म्हणतो, १८-१४० घे, एका लेन्समध्ये सगळं येतं. घेऊ का? तीन फोटो सोबत पाठवतोय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. मित्राचा सल्ला सहलीला चालेल, तालमीला नाही.

तुमच्या फोटोंमधली माहिती उघडून बघितली. तिन्ही फोटो ३५ मिलिमीटरच्या आसपासच्या झूमवर, एफ/४.५ (लेन्सचं भोक किती उघडं ते), आयएसओ ३२०० (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते), शटर १/८० सेकंद. म्हणजे लांबचं जवळ आणायची तुमची गरजच नाही, तुम्ही कुस्तीच्या हौदाच्या कडेलाच उभे आहात. कमी पडतोय तो उजेड. जोर-बैठकांत पैलवान वर आणि खाली क्षणभर थांबतो, तेवढ्यात १/८० निभावून जातं. ढाकेचा डाव मारताना कोण थांबतंय? तिथं निदान १/५०० हवं.

आता १८-१४० बघा. तिचं तोंडही एफ/३.५ ते ५.६ एवढंच उघडतं, म्हणजे हातातल्या लेन्सइतकंच. नळाला लांब पाइप जोडला म्हणून पाणी वाढत नाही.

तुम्ही निकॉनचीच ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स (तुमच्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरसाठीची) घ्या. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे तुम्हाला माहीत असेलच. एफ/४.५ वरून एफ/१.८ वर आलात की सहापट उजेड आत येतो. त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच आयएसओवर तुमचं १/८० थेट १/५०० होतं. लेन्स दोनशे ग्रॅमची आहे, गळ्याला ओझं होणार नाही.

तिला झूम नाही, ही तक्रार येणारच. म्हणून पैसे देण्याआधी आठवडाभर १८-५५ वर ३५ च्या खुणेला चिकटपट्टी लावून फिरा. पुढं-मागं सरकून काम भागतंय का, ते तुमचं तुम्हालाच कळेल. तालमीत भागेल असं मला वाटतं. वस्तादांना विचारून उभं राहायची जागा मात्र ठरवून घ्या. आणि फ्लॅश पिशवीतच राहू दे. डाव टाकताना डोळ्यांवर झगमगाट आला तर दुखापत त्या पोरांना होते, आपल्याला नाही.

एफ/१.८ वर एक गोष्ट सांभाळा. तीन मीटरवरून फोटो घेतला तर जेमतेम अर्धा मीटर खोलीच स्पष्ट येते. दोघे एकमेकांत गुंतले असतील तर एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा पुसट होतो. फोकसचा ठिपका स्वतः निवडा, तो जवळच्या चेहऱ्यावर ठेवा आणि जमेल तिथं एफ/२.२ वर या. दुसरं म्हणजे, जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. वेगवान शटरवर एखादा फोटो काळपट किंवा पिवळट निघेल. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका, एका डावाचे चार-पाच फोटो सलग घ्या.

सेकंडहँड घेणार असाल तर सावध. ‘५० एफ/१.८डी’ नावाची एक स्वस्त लेन्स कुणीतरी हमखास पुढं करेल. काच उत्तम आहे, पण ती फोकस करायला कॅमेऱ्याच्या अंगात मोटर लागते आणि डी५६०० मध्ये ती नाही. फोकस हातानं फिरवत बसाल, तोवर कुस्ती चितपट. नावात नुसतं ‘एएफ’ नको, ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ हवं. शिवाय ३५ एफ/१.८जी दोन प्रकारची मिळते. तुम्हाला डीएक्सची पुरे, दुसरी फुल-फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची आहे आणि बरीच महाग. तुमच्या लेन्सवर ‘एएफ-पी’ लिहिलं असेल तर तिचा ५५ मिलिमीटरचा फिल्टर या ३५ डीएक्सला बसणार नाही, हिला ५२ चा लागतो.

हे सगळं तालमीपुरतं. खासबागेत शाहू महाराजांच्या काळापासून, १९१२ पासून, मैदानाची रचनाच अशी आहे की आखाडा मध्यभागी खाली आणि प्रेक्षक भोवती वर. तिथं प्रेक्षकांतून ३५ नं मल्ल मुंगीएवढे दिसतील. मैदानं गाजवायची हौस पुढंही टिकली तर ८५ एफ/१.८जी चा विचार करा, पण तिची किंमत बरीच जास्त आहे. आधी तालीम होऊ दे.

प्रश्न : चैत्र यात्रेला जोतिबावर जायचंय. किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ वर) भागेल का, की नवी घेऊ?
– एक वाचक, कागल

उत्तर : भागेल, उलट तीच न्या. भर उन्हात एफ/८ ठेवायचं, तिथं महागड्या काचेचा काय उपयोग? सासनकाठी बुडापासून शेंड्यापर्यंत चौकटीत घ्यायला १८ च लागतं. खरी भीती गुलालाची. वाडी रत्नागिरीवर पाऊल ठेवल्यापासून उतरेपर्यंत लेन्स काढायची नाही, म्हणजे नाही. झूम फिरवताना लेन्स लांब-आखूड होते आणि हवेबरोबर भुकटी आत ओढते, म्हणून पुढं साधा यूव्ही फिल्टर लावा आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते.

प्रश्न : कॅनन १५००डी आहे. कळंबा तलावावरच्या पक्ष्यांसाठी ७५-३०० स्वस्तात मिळतेय.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : स्वस्त आहे कारण तिच्यात हात हलणं सावरणारी सोय, म्हणजे आयएस, नाही. ५५-२५० आयएस एसटीएम शोधा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यानं त्यावर तिचं २५० हे ४०० सारखं दिसतं. जुनी घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, दुकानदार काही म्हणो. चांगली मिळाली की जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्या ओलावल्या की बदला.