पी/ई ६ असलेला स्मॉल कॅप शेअर स्वस्त समजायचा का?

तुम्ही विचारलंय की एका स्मॉल कॅप, म्हणजे बाजारमूल्याने छोट्या कंपनीचा पी/ई फक्त ६ आहे (शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या सहापट), नफा तीन वर्षं वाढतोय, तर साठवलेले ३ लाख तिच्यात घालावेत का. माझं म्हणाल तर तिची येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे अजून न आलेले पैसे, तपासल्याशिवाय एक रुपयाही घालू नका.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात २६ वर्षं अकाउंट्स सांभाळले. मार्च आला की माल गेटबाहेर काढून बिलं फाडायची घाई. बिल फाडलं की विक्री झाली, नफाही दिसला. पैसे मात्र कधी दिवाळीला यायचे, कधी यायचेच नाहीत. अशा पैशांसाठी तगादा लावण्याला आमच्याकडे मराठी घरांतही 'उघराणी' म्हणतात. त्या तगाद्याचे फोन मी स्वतः केलेत.

तरीही २०१७ साली पी/ई ७ बघून मी एक शेअर घेतला. पुढच्या वर्षी कंपनीने जुनी येणी बुडीत खाती टाकली आणि लोअर सर्किट लागायला लागलं, म्हणजे भाव एका दिवसात जितका पडू शकतो त्या मर्यादेवर जाऊन अडकायचा. सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकायची, साडेतीनला ती तशीच पडलेली. अकरा दिवस घेणारा कोणी नव्हता. मुलीच्या शिक्षणाचे पैसे होते त्यात. छोट्या कंपनीत हे धरूनच चालावं लागतं, म्हणून तिथे रोज किती शेअर हातबदल होतात ते आधी बघा.

आता मी दांडिया बाजारातल्या घरी पेन्सिल घेऊन वार्षिक अहवाल शेवटच्या पानांकडून वाचतो. कॅश फ्लो पत्रकात धंद्यातून आलेली रोकड असते, तिची पाच वर्षांची बेरीज करायची आणि शेजारी पाच वर्षांचा निव्वळ नफा लिहायचा. एकाच वर्षावर जाऊ नका. वाढत्या कंपनीचा पैसा मालात अडकतोच. पण पाच वर्षांत नफ्याच्या निम्मीही रोकड आली नसेल, तर मी अहवाल मिटतो. मग 'ट्रेड रिसीव्हेबल्स'ची, म्हणजे येण्यांची नोट. २०२१-२२ पासून येण्यांची वयाप्रमाणे फोड द्यावी लागते: सहा महिन्यांच्या आतली, वर्षाची, अशी करत तीन वर्षांवरची. त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवा.

ऑडिटरच्या अहवालाच्या परिशिष्टात आणखी एक ओळ असते. चालू मालमत्तेच्या (माल, येणी वगैरे) तारणावर खेळत्या भांडवलासाठी ५ कोटींपेक्षा जास्त कर्जमर्यादा मंजूर असेल, तर बँकेला दिलेले तिमाही आकडे वह्यांशी जुळतात का, हे तिथे लिहिलेलं असतं. जुळत नसतील तर कारण वाचा. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का तेही बघा; ते शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात दिसतं.

एवढी मेहनत करूनही मी स्मॉल कॅप सोडलेले नाहीत. बाजारमूल्यात २५१ व्या क्रमांकापासून खालच्या या कंपन्यांपैकी कितींकडे मोठे फंड वळतच नाहीत, त्यामुळे चांगला धंदा खरोखर पडेल भावात मिळू शकतो. तुमच्या कंपनीचा अहवाल एक्सचेंजच्या साइटवर फुकट आहे. तीन वर्षांवरची येणी किती आहेत ते आज काढा आणि मला कळवा, आपण बसून बघू.