वर्गणीची यादी

चिरंजीवास आशीर्वाद,

फिलाडेल्फियात पोचल्या पोचल्या बेंजामिन फ्रँकलिनचं घर बघायला गेलास आणि 'घर कुठाय, नुसता सांगाडा' म्हणून वैतागलास. अरे, घर 1812 मध्येच पाडलं. ते नेमकं कसं दिसायचं याची पुरेशी माहिती उरली नव्हती, म्हणून 1976 मध्ये व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन या वास्तुविशारदांनी पोलादी चौकटीत फक्त आकार उभा केला. खोटं घर बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. खाली जुना पाया दिसतो, तो बघितलास का?

त्या घराचं काम 1763 मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी हे गृहस्थ लंडनला गेले. बाकीचं सगळं बायकोनं, डेबोरानं, पार पाडलं. साहेब तिकडून पत्रं पाठवायचे: स्वयंपाकघर म्हणजे एक यंत्रच आहे, तुला नवीन आहे, चालवायला जमेलसं वाटत नाही, मी तिथं हवा होतो. 1765 मध्ये कागदपत्रांवर कर लावणाऱ्या ब्रिटिश स्टॅम्प कायद्याला फ्रँकलिनचा पाठिंबा आहे असं समजून भडकलेला जमाव घरावर येणार अशी आवई उठली, तेव्हा हीच बाई बंदुका जमवून घरात ठाण मांडून बसली. 1774 च्या डिसेंबरात ती वारली. नवरा परतला तो 1775 मध्ये. त्याची थोरवी गाताना हेही सांगत जा. त्यानं गुलाम बाळगले होते, आणि म्हातारपणी गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्षही तोच होता, तेही.

आता तुझ्या वाचनालयाचं. लोक सभेला येतात, माना डोलावतात आणि वर्गणीचं नाव काढलं की पांगतात, म्हणतोस. 1731 मध्ये वाचनालय काढताना फ्रँकलिनचीही हीच गत होती. पन्नास सभासद हवे होते, सुरुवातीला चाळीस शिलिंग आणि पुढं वर्षाला दहा. एकट्याची कल्पना म्हटली की लोकांना वाटतं, हा आपल्या खांद्यावर चढून मोठा होणार. मग त्यानं स्वतःला मागं ठेवलं आणि 'काही मित्रांची योजना आहे' असं सांगत फिरला. तुझ्या पत्रकावर तुझं नाव किती मोठ्या अक्षरात आहे, बघ जरा.

फिलाडेल्फियातल्या रुग्णालयाची कल्पना मुळात डॉ. थॉमस बाँड यांची. विधिमंडळातले खेड्यापाड्यांचे प्रतिनिधी म्हणाले, याचा फायदा फक्त शहराला. फ्रँकलिननं ठरावात अट घातली: लोकांनी 2000 पौंड जमवले, तरच सरकारनं 2000 द्यावेत. लोक एवढे जमवणार नाहीत या खात्रीवर विरोधकांनी ठरावाला होकार देऊन फुकटचं पुण्य पदरात पाडून घेतलं. इकडं देणाऱ्याला दिसलं की आपला एक पौंड दोनाचं काम करतोय. पैसे जमले. पुढं त्यानंच लिहून ठेवलंय की या लबाडीचं आपल्याला फारसं वाईट वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

प्रार्थनाघरासाठी पैसे मागायला निघालेल्या गिल्बर्ट टेनंट या पाद्र्याला त्यानं दिलेला सल्ला तू जसाच्या तसा वापर. आधी हमखास देणाऱ्यांकडं जा. मग ज्यांचा भरवसा नाही त्यांच्याकडं, पण दिलेल्यांची यादी दाखवत. शेवटी, जे छदामही देणार नाहीत असं वाटतं त्यांच्याकडंही जा, कारण एखाद्याबाबत आपला अंदाज चुकलेला असतो. टेनंट सगळ्यांकडं फिरला आणि त्याला अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं.

रविवारी बसून तीन रकाने आख आणि नावं भर. पहिल्या रकान्यात माझं टाक. आकडा फोनवर सांगतो.