लिंकनला येतेस, तर निकोलापासून सुरुवात कर

तू विचारलंस: मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करायला इंग्लंडमधल्या लिंकनला यायचंय, नॉर्मन सरदार घराण्यांतल्या बायकांवर प्रबंध लिहायचाय, तर निघण्याआधी काय तयारी करू?

आधी लॅटिन. जेवढं जमेल तेवढं घरूनच शिकून ये. त्या बायका बोलायच्या फ्रेंच, पण त्यांचे दानलेख, शेरीफने, म्हणजे राजाच्या जिल्हा अधिकाऱ्याने, राजाच्या खजिन्याला दिलेले वर्षाचे हिशेब, कोर्टाचे निवाडे, सगळं लॅटिनमध्ये. एका वर्षात भाषाही शिकायची आणि प्रबंधही लिहायचा, यात माझ्या ओळखीतल्या दोघींची फार ओढाताण झाली. तुझं संस्कृत झालंय, म्हणजे विभक्त्यांची भीती नसेल.

दुसरं, विषय एवढा पसरट घेऊ नकोस. एकच बाई घे: निकोला द ला हे. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून लिंकनची किल्लेदारी वारशाने हिच्याकडे आली. पण लग्न झालं की कारभार नवऱ्याच्या नावे, हा तिथला कायदा. तरी ११९१ मध्ये नवरा किल्ल्यावर नसताना वेढा पडला, तेव्हा किल्ला तिनेच लढवला. पुढे विधवा झाली. जॉन राजा आला तेव्हा पूर्वेच्या दरवाजातून किल्ल्या घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, आता माझं वय झालं, हे ओझं उतरवा. राजाने किल्ल्या परत तिच्याच हातात दिल्या. १२१६ मध्ये, स्वतःच्या मरणाच्या तोंडावर, त्याने तिला लिंकनशायरची शेरीफ नेमलं. पुढे किल्ल्याला पुन्हा वेढा पडला. २० मे १२१७ ला तो उठला, आणि चारच दिवसांत शेरीफचं पद एका अर्लला, म्हणजे बड्या सरदाराला, देऊन टाकलं! ती गप्प बसली नाही, दाद मागून तिने किल्ला तरी आपल्याकडे ठेवला. मला तिची ही बाजू लढाईपेक्षा मोठी वाटते.

विधवेवर पुनर्लग्नाची सक्ती करू नये, हे कलम १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे जॉन राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेत आहे. त्याच्या उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक आज तिच्याच किल्ल्यात ठेवलीय. शांतपणे बघ.

खोली शक्यतो टेकडीखाली घे. स्टीप हिल हा चढाचा रस्ता नावाप्रमाणेच खडा आहे, फरसबंदी पावसात निसरडी होते, लोक कठड्याला धरून चढतात. चांगले बूट आण. डिसेंबरात चारलाच अंधारतं, तेव्हा स्वाटन गावाला जायचं ते सप्टेंबरातच जाऊ. १२३० मध्ये निकोला तिथेच वारली. मी येईन सोबत.